चाकाखालचा दगड

१

शिमगा सरून आठ दिवस झाले होते. सोमवारी सकाळी सदू गुरव खैराच्या घाटीत लाकडं तोडायला उतरला आणि कोयता तिथेच टाकून धावत वर आला. करवंदीच्या जाळ्यांपलीकडे, रस्त्यावरून कुणाला दिसूच नये अशा जागी, एक मोटार ऐनाच्या बुंध्यात नाक खुपसून उभी होती आणि तिच्यात रत्नागिरीचे वकील आप्पा वैशंपायन मरून पडले होते.

दुपारपर्यंत फौजदार दळवी येऊन पोचले. त्यांच्यामागून जमाल मिस्त्री आला, बोलावणं धाडलं होतं म्हणून. हा जमाल राजिवड्याचा. बावीस वर्षं आगबोटींच्या इंजिनखोलीत काढलेली, आणि आता खाडीकाठच्या शेडमध्ये मोटारी दुरुस्त करून पोट भरणारा. सहा महिन्यांपूर्वी, म्हणजे तेहतीस सालच्या दसऱ्याच्या सुमारास, आप्पांना ही जुनी गाडी त्यानेच निवडून दिली होती. तो दरड उतरून गाडीपाशी आला. वाफेने भाजून मेलेली माणसं त्याने पाहिली होती, पण तेव्हा वाफ दुसऱ्या कुणाच्या हातून सुटलेली असे.

फौजदारांचं मत वर रस्त्यावर असतानाच ठरलं होतं. संगमेश्वरच्या अलीकडची ही घाटी रत्नागिरीकडून जाताना चढाची आणि येताना उताराची. गाडीचं तोंड रत्नागिरीकडे. म्हणजे आप्पा काल संध्याकाळी चिपळूणहून घरी येत होते, उतारावर ब्रेक गेला आणि वळणावरून गाडी खाली आली.

"सरळ आहे," ते म्हणाले.

आप्पांचा कारकून गंगाराम सुर्वे तिथेच दगडावर बसून रडत होता. चिपळूणहून सकाळच्या सर्व्हिस मोटारीने तो रत्नागिरीला निघाला होता, गर्दी पाहून उतरला.

"मी शनिवारीच पुढे गेलो होतो," त्याने सांगितलं. "आप्पा काल दहाला आले. खोताशी दावा चाललाय त्या सोनूबाईच्या जमिनीची कबुलायत, तिचा कसायचा करारनामा, मी नक्कल करावी म्हणून आणली होती. तीन वाजता कागद पिशवीत घालून निघाले. म्हणाले, टाकी भरलेली आहे, दिवेलागणीला घरी असेन. मी देवळात कीर्तनाला गेलो. मला काय ठाऊक, इथे असं होईल."

पिशवी होती, कागद पसरले होते, कबुलायत तेवढी नव्हती. वाऱ्याने गेली असेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

मग गंगारामची नजर जमालवर गेली. "तुम्ही मारलंत त्यांना. उभी केली तर दगड लावल्याशिवाय थांबत नाही, असली गाडी तुम्ही त्यांच्या गळ्यात बांधलीत. मी तर त्या डबड्यात कधी पाय ठेवला नाही."

जमाल गाडीपाशी वाकला. तो आप्पांकडे बघत होता. आप्पा मागच्या बाकाखाली पडले होते. पाय अनवाणी. पुण्याहून आणलेले त्यांचे लाल जोडे मागच्याच बाकाखाली, शेजारी शेजारी अडकून राहिलेले. उजव्या हाताच्या बोटांना चटणी वाळून चिकटली होती.

त्याने हाताने ब्रेकचा पायटा दाबून पाहिला. पायटा शाबूत होता. मग त्याने पहार मागितली. पुढच्या बाकाची गादी चेपून घट्ट बसली होती, ती उचकटून खालच्या टाकीचं झाकण उघडलं आणि मापाची काठी आत सोडली. टाकीला पोचा नव्हता, झाकण घट्ट होतं, मातीला पेट्रोलचा वास नव्हता.

काठी दोन बोटं ओली झाली होती.

"फौजदारसाहेब," जमाल म्हणाला, "ही टाकी भरलेली नव्हती."

"गळालं असेल."

"खयसून गळणार? बघा तरी."

"तुझी गाडी, तुझाच जबाब," दळवी म्हणाले. "गुरुवारी कचेरीत ये. तोवर गाव सोडायचं नाही. माणूस मेलाय, मिस्त्री, आणि तो तुझ्या शब्दावर त्या गाडीत बसला होता."

२

ते खरंच होतं, आणि म्हणूनच बोचत होतं.

आप्पांचं अर्धं काम चिपळूणच्या कोर्टात. आठवड्यातून दोन-तीनदा पन्नास-पंचावन्न मैल जायचं, तेवढेच यायचं. सर्व्हिस मोटारीत कोंबड्यांच्या डालग्यांशेजारी बसून त्यांची पाठ धरली होती. ते शेडवर येऊन म्हणाले होते, "जमालभाई, स्वस्त हवी आणि दगा न देणारी हवी. देखणी नसली तरी चालेल, मला तिच्याशी लग्न करायचं नाही."

तीन गाड्या पाहिल्या. दादू शेटची सहा सिलिंडरची निळी गाडी ताज्या रंगाने झळझळत होती. जमालने तिच्या पोटाखाली बोट फिरवलं आणि तेलात पितळेचा चुरा दिसला. दुसरी गाडी एका साहेबाची. इंजिन चांगलं, पण एक नट मोडला तर विलायतेहून यायची वाट बघा. तिसरी बदली होऊन गेलेल्या एका ओव्हरसियरची, चार सिलिंडरची जुनी अमेरिकन. कापडी टप फाटलेला, रंग उडालेला. जमालने ती रात्रभर थंड ठेवून पहाटे हँडल मारलं. दुसऱ्या फेऱ्याला सुरू झाली. कान लावून तो बराच वेळ उभा राहिला. बाईच्या जातीसारखी नाही, बैलासारखी गाडी आहे, त्याने सांगितलं. तारेने बांधली तरी घरी आणील.

दोन खोडी होत्या, त्याही त्याने लपवल्या नाहीत.

पहिली खोड टाकीची. पेट्रोल टाकीतून आपसूक वाहत इंजिनात यायचं, ढकलायला पंप नव्हता. टाकी तळाला आली की उभ्या चढावर पेट्रोल मागेच राहायचं आणि इंजिन मरायचं. उपाय एकच, गाडी वळवायची आणि पाठीने चढवायची. आप्पा संगमेश्वरच्या दुकानात जातानाच टाकी भरत, तिथे पेट्रोल स्वस्त म्हणून. तेवढ्यावर चिपळूण करून घरी येत, आणि पुढल्या खेपेला उरल्यासुरल्यावर निघत. म्हणजे जाताना खैराच्या घाटीत टाकी नेहमी रिकामी, येताना अर्ध्याहून भरलेली. जाताना ते घाटी पाठमोरे चढत. याची त्यांना भारी लाज वाटे. "वकील ढुंगण पुढे करून घाट चढतो हे बाररूममध्ये कळलं तर माझं अशील उरायचं नाही," असं म्हणून त्यांनी जमालकडून वचन घेतलं होतं आणि तांबडं फुटायच्या आत ते घर सोडत.

दुसरी खोड हाताच्या ब्रेकची. पायाचा ब्रेक चोख, पण उभी करून ठेवली की हाताची दांडी धरत नसे. त्यासाठी जमालने त्यांना जुन्या मचव्याच्या निरमातला, म्हणजे तोल राखायला तळाशी भरतात त्यांतला, एक काळा दगड दिला होता, डांबराची फुली मारून. जांभा भुगा होतो, हा होत नाही.

मंगळवारी दादू शेट स्वतःच शेडपुढे उभा राहिला. आप्पांनी आपली गाडी नाकारली याचा राग त्याने गावभर मिरवला होता, आणि जमालने दलाली खाल्ली असंही तोच सांगत फिरत होता. रविवारी मात्र तो गुहागरला भाचीच्या लग्नात होता. वऱ्हाड साक्षीला होतं.

"ती गाडी मी एकदा चालवलीय, मिस्त्री," दादू म्हणाला. "हाताचा ब्रेक कायच धरत नाय. तुला ठाऊक हुता की नाय?"

जमालने मान हलवली. "हुता. मुंबैसून सामान मागवलाय. बेस्तरवारच्या बोटीन येल."

"गुरुवारी? माणूस तर रविवारीच गेला," दादू म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात राग नव्हता.

३

बुधवारी सकाळी जमाल आप्पांच्या घरी गेला. पडवीच्या पायरीशीच उभा राहिला. आप्पांची बायको सावित्रीबाई दाराआडून बोलल्या. त्यांनी रडून घेतलं होतं, आवाज कोरडा होता.

"लोक काय म्हणतात ते ऐकलंय मी, जमालभाई. तुम्ही काय म्हणता?"

"मला ठाऊक नाय, वहिनी. म्हणून इचारायला आलोय. त्या दिवशी काय काय झालां?"

काय व्हायचं होतं. पहाटे उठले, अंघोळ केली. चिपळूणला नुसता चहा घेऊन राहाल, म्हणून बाई नेहमीसारख्या दरडावल्या. दुधातल्या दशम्या आणि लसणीची चटणी बांधून दिली. 

"दोघांपुरत्या दे म्हणाले. वाटेत कोणीतरी भेटतंच. त्यांना एकट्याने खाववत नसे."

"दशम्या ते खायचे कधी?"

"सकाळी वाटेत. दुपारी ठेवल्या तर कडक होतात. आणि जोडे काढून, मांडी घालून. मोटारीत बसले तरी तेवढं सोडलं नाही त्यांनी, मी हसायची."

 चटणी लागलेली बोटं जमालच्या डोळ्यांसमोर होती. सकाळी खाल्लेल्या दशमीची चटणी संध्याकाळपर्यंत हाताला ठेवणारा माणूस आप्पा नव्हता. आणि मागच्या बाकावर मांडी घालून दशमी खाणारा माणूस गाडी चालवत नसतो.

"वहिनी, रविवारी त्यांच्यासंगट कोण हुता?"

"कोण असणार? गंगाराम तर शनिवारीच गेला होता," सावित्रीबाई म्हणाल्या. "असं तो सांगून गेला होता."

४

बुधवारचं ऊन कलायच्या आत जमाल परत घाटीत होता. या वेळी तो गाडीकडे गेला नाही. तो रस्त्याने चालत चढला.

अर्ध्या चढावर एक पऱ्ह्या, डोंगरातून उतरणारा ओहोळ, आहे. शिमग्यानंतरही त्यात घागरभर पाणी असतं. पाठीने चढताना इंजिन तापतं, तेव्हा पाणी घालायचं तर हीच जागा. जमालने आप्पांना बजावलं होतं की एकटे असलात तर इथे थांबायचं नाही, तसंच वर सपाट सड्यावर जायचं. कारण पायाच्या ब्रेकवरून पाय काढला की गाडी घरंगळणार. एकाने पाय दाबून बसायचं, दुसऱ्याने उतरून चाकाला दगड द्यायचा. निघतानाही तसंच. आप्पा वकील होते पण यंत्राच्या बाबतीत आज्ञाधारक. जमालचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

त्याने रस्त्याची कड शोधली, मोरीखाली वाकून पाहिलं. मग वाळलेल्या गवतात, रस्त्यापासून चार हातांवर, त्याला ती दिसली. डांबराची फुली.

दगड पालथा पडला होता. एका अंगाला टायरचा काळा ओरखडा होता. जमालने तो उचलून छातीशी धरला आणि तिथेच मोरीवर बसला. तीन दिवस त्याला झोप नव्हती. डोळे मिटले की पायटा सुटल्याचा भास व्हायचा. गाडी उतारावरून येत असती तर हा दगड गाडीत पोत्यात असता. तो इथे, पऱ्ह्यावर होता. म्हणजे गाडी इथे थांबली होती. म्हणजे कोणीतरी खाली उतरून तो चाकाला लावला होता.

आणि कोणीतरी तो काढला होता.

५

गुरुवारी कचेरीत दळवी, गंगाराम आणि जमाल एवढेच होते. मेजावर निरमाचा दगड होता. दळवींच्या हातात एक चिठ्ठी होती.

"मिस्त्री, तुझ्या सांगण्यावरून मी संगमेश्वरला माणूस पाठवला होता," ते म्हणाले. "दुकानदार म्हणतो, रविवारी वैशंपायन वकील आलेच नाहीत. ना सकाळी, ना संध्याकाळी."

गंगाराम म्हणाला, "दुसरीकडे भरलं असेल."

"खयही भरलेलां नाय," जमाल म्हणाला. "टाकीत दोन बोटां हुता. चिपळूण करून येणाऱ्या गाडीत एवढां कमी नसता. घरून जाणाऱ्या गाडीत असता."

"अरे पण तोंड रत्नागिरीकडे होतं," दळवी म्हणाले.

तेव्हा जमालने वचन मोडलं. मेलेल्या माणसाची लाज त्याने मेजावर मांडली. आप्पा पाठीने घाट चढायचे हे ऐकून दळवींना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"म्हणजे ते येत नव्हते," ते सावकाश म्हणाले. "जात होते. मेले ते सकाळी."

"सकाळी. दशमी खाताना. जोडे काढून मागच्या बाकावर बसले हुते, पायटा कोसभर लांब. गाडी पऱ्ह्यावर थंड व्हायला उभी हुती, तोंड उताराकडे, पुढल्या चाकाला हा दगड. दगड कोणी लावला? एकट्याला लावता येत नाय. आप्पा ब्रेकवर बसले, तेव्हा दुसरा खाली उतरला." जमाल गंगारामकडे वळला. "भाऊ, तुमी त्या गाडीत कधी बसलात?"

"कधीच नाही. सांगितलं ना."

"मग तिला उभी करताना दगड लागतो ह्यां तुमाला कोणी सांगितलां?"

"आप्पांनी."

"आप्पा सांगायचे नाय. दगडाची गोष्ट सांगायची तर पऱ्ह्याची सांगावी लागली असती, आणि पऱ्ह्याची सांगायची तर पाठमोऱ्या चढणाची. घरातल्या बाईला त्यांनी सांगितलां नाय, कारकुनाला सांगतील? दगड लागतो ह्यां गावात जाणणारे तिघे. एक मी, रविवारी मशिदीच्या भिंतीचं काम करत दिवसभर चाळीस माणसांत उभा असलेला. दुसरा दादू शेट, गुहागरात वऱ्हाडासंगट. तिसरा तुमी."

गंगाराम दगडाकडे बघत राहिला. फौजदारांनी कीर्तनाची गोष्ट काढली नाही. ती आता कशाच्याच कामाची नव्हती. संध्याकाळी पन्नास माणसांत बसलेला माणूस सकाळी कुठे होता, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. पण खाताना त्याचंही तोंड भाजलं होतं.

"शनिवारी मी गेलोच नव्हतो. रविवारी पहाटे मिरजोळ्याच्या वाटेवर आप्पांच्या गाडीत बसलो," गंगाराम अखेर म्हणाला. "माझं घर खोताच्या जागेत आहे. म्हातारी आहे, दोन पोरी आहेत. खोत म्हणाला, पाडव्याच्या आत सोनूबाईचा कागद आण, नाहीतर घर रिकामं कर. मी आप्पांच्या पाया पडलो. पऱ्ह्यावर, तिथेच. ते म्हणाले, गंगाराम, आधी खाऊन घे, मग बोलू. कागद मिळायचा नाही, पण घराचं बघू. आणि दशमी पुढे केली."

"मग?" दळवींनी विचारलं.

"मला वाटलं गाडी थोडी सरकेल, ते घाबरतील, उतरतील. पिशवी माझ्याकडे येईल." त्याने तोंड पुसलं. "खोटं बोलतोय मी. मला काहीच वाटलं नाही. मी दगड काढला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दशमी हातात होती. हाकसुद्धा मारली नाही."

पुढचं त्याने एका दमात सांगितलं. खाली उतरून पिशवीतून कागद काढला. गाडीचं तोंड बघितलं आणि गोष्ट आपोआप सुचली. वर सड्यावर चालत जाऊन चिपळूणची सर्व्हिस मोटार धरली. कागद त्याच रात्री, चिपळुणात मुक्कामाला असलेल्या खोताच्या चुलीत गेला.

दळवींनी शिपायाला हाक मारली. गंगारामला नेताना त्याने मेजावरच्या दगडाला अंग चोरून वळसा घातला.

"तू सुटलास, मिस्त्री," दळवी म्हणाले. "गाडीचा दोष नव्हता."

जमालने दगडावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं.

६

शनिवारी तो पुन्हा सावित्रीबाईंच्या पडवीशी उभा होता. काखेत कागदात गुंडाळलेलं पार्सल होतं. त्याने सगळं सांगितलं, दशमीचं सुद्धा. त्या दाराची चौकट धरून ऐकत होत्या.

"म्हणजे तुमच्या गाडीने नाही मारलं त्यांना," त्या म्हणाल्या.

इथे गप्प बसला असता तर कुणी त्याला काही म्हटलं नसतं. फौजदारांनी म्हटलं नव्हतं, दादू शेटनेही तोंड मिटलं होतं. पण बावीस वर्षं इंजिनखोलीत काढलेल्या माणसाला एवढं कळतं की मोडलेला स्क्रू कुणी पाहिला नाही म्हणून तो सांधला जात नाही.

"वहिनी, हाताचा ब्रेक धरत असता तर दगड काढून काय झाला नसता. गाडी जाग्यावर राहिली असती. मला ठाऊक हुता. मी म्हटलां, सामान येईस्तवर चालवा, दगड हाय ना. मीच म्हटलां." त्याने पार्सल पायरीवर ठेवलं. "ह्यां त्याचा सामान. परवाच्या बोटीन आलां."

 परसात कोणीतरी नारळ सोलत होतं.

"बसवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आणलंत ना? मग बसवा. त्यांना अर्धवट काम आवडत नसे."

दुसऱ्या दिवशी जमाल एकटाच घाटीत उतरला आणि ऐनाच्या बुंध्यात नाक घुसलेल्या त्या गाडीखाली आडवा झाला. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत खपून त्याने नवा ब्रेक बसवला. मग आत बसून दांडी ओढली. दांडी घट्ट बसली. मग तो तिथेच, आप्पांच्या जागेवर, डोकं स्टिअरिंगच्या चाकावर टेकवून रडला.

सोनूबाई कागदावाचून कोर्टात उभी राहिली आणि हरली. गंगारामला जन्मठेप झाली, त्याचं घर खोताने पावसाआधी रिकामं करून घेतलं. खोताविरुद्ध काही सिद्ध झालं नाही. राखेला सही नसते.

जमालकडे पुढेही माणसं येत राहिली. लांबच्या फेऱ्यांना कुठली जुनी गाडी घ्यावी, म्हणून विचारत. तो तेल बघे, पहाटे हँडल मारून बघे, कान लावून ऐके. सगळं झालं की गाडी उभ्या चढावर नेऊन थांबवी, हाताची दांडी ओढी आणि चाकाला तो फुलीचा दगड लावायला सांगे. मग मागच्या बाकावर जाऊन बसे, जोडे काढे, आणि घेणाऱ्या माणसाला म्हणे, "आता दगड काढ."

गाडी सरकली, तर तो ती घेऊ देत नसे.